कामाच्या ठिकाणी हृदयाची काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कारखाने, गोदामं, ऑफिसं, बस डेपो अशा ठिकाणी जाऊन हृदयाची तपासणी आणि जनजागृतीचं काम करते. कुठेही गेलं तरी प्रश्न बरेचसे तेच असतात. काही एचआरवाले मीटिंगमध्ये विचारतात, काही युनियनची माणसं विचारतात, आणि सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न लोक आमचं सामान आवरत असताना जवळ येऊन हळू आवाजात विचारतात. ते सगळे इथे एकत्र केलेत.

हृदय ज्याचं त्याचं, सवयी ज्याच्या त्याच्या, यात कंपनीने कशाला पडायचं?

कारण कामाचा हृदयावर परिणाम होतो, आणि हे काही आत्ता कळलेलं नाही. १९४९ च्या सुमारास जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर लोकांचा अभ्यास सुरू केला. दोघं एकाच बसवर, एकाच खात्यात, राहणीमान साधारण सारखं, फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर सीटवर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करत. १९५३ साली निष्कर्ष छापून आले, कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, आणि ज्यांना झाला त्यांनाही उशिरा झाला आणि तितका जीवघेणा नव्हता.

पुढे १९६७ पासून तिथल्याच सरकारी नोकरांवर व्हाइटहॉल अभ्यास झाला. त्यात दिसलं की हुद्दा जितका खालचा तितकं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त, आणि सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरलं तरी हा फरक पूर्ण भरून निघत नव्हता. म्हणजे ॲटॅक साहेब लोकांना येतात हा जो समज होता तो उलटा निघाला. आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना या दोघांनी मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, स्ट्रोकचा धोका साधारण ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. त्यांच्या अंदाजाप्रमाणे २०१६ या एका वर्षात जास्त तास काम केल्यामुळे ७ लाख ४५ हजार माणसं गेली. आता कामाचे तास, शिफ्ट, सुट्टी हे कामगार ठरवत नाही ना, मग कंपनीला यात पडावंच लागेल.

पण हा म्हातारपणाचा आजार ना, आमच्याकडे तर सगळे तरुण आहेत?

२०१९ मध्ये जगभरात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी अंदाजे १ कोटी ७९ लाख मृत्यू झाले आणि त्यातले खूपसे सत्तरीच्या आतले होते. शिवाय रक्तवाहिनीत चरबी साचायला लागते ती विशी-तिशीतच, ॲटॅक नंतर येतो. तिशीतल्या माणसाचं बीपी आज सापडलं तर पुढची वीस-तीस वर्षं हातात असतात, म्हणून तरुण कामगार असलेली जागा मला उलट जास्त महत्त्वाची वाटते.

हे काम पार्टनरशिपने, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं म्हणता, ती पार्टनरशिप नक्की कोणाकोणाची?

कमीत कमी तिघांची. मॅनेजमेंट, कामगारांच्या बाजूने बोलणारं कोणीतरी (युनियन असेल तर युनियन, नसेल तर लोकांनी स्वतः निवडलेली माणसं, एचआरने निवडलेली नकोत), आणि तिसरं म्हणजे जवळचा दवाखाना किंवा हॉस्पिटल जिथे पुढचे उपचार होणार. या तिसऱ्यालाच लोक विसरतात. तपासणीवाली टीम येते, मोजते, निघून जाते आणि पुढे कोणीच नसतं. याशिवाय कॅन्टीन चालवणारा, कामगार पुरवणारा कंत्राटदार आणि सुपरवायझर हे तिघं पहिल्या मीटिंगपासून असले तर अर्धी भांडणं होतच नाहीत.

सगळ्यांनी मिळून केलं की काय होऊ शकतं याचं माझं आवडतं उदाहरण फिनलंडमधल्या नॉर्थ कॅरेलियाचं आहे. १९७० च्या सुमारास तिथल्या मध्यमवयीन पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या भागांपैकी एक होतं. लोकांनीच सरकारकडे मागणी केली आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. दवाखाने तर होतेच, पण गृहिणींच्या संघटना, शाळा, डेअऱ्या, मांस बनवणारे कारखाने, कामाची ठिकाणं सगळ्यांना त्यात ओढलं. चाळीस वर्षांत तिथल्या काम करण्याच्या वयातल्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. एकट्या डॉक्टरांनी सांगून हे झालं नसतं.

२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो, त्या दिवशी लेक्चर आणि तपासणी ठेवतो, तेवढं पुरे का?

सुरुवात म्हणून चांगलं आहे, पुरे मात्र नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केलं होतं. एका मोठ्या गोदामात दोन दिवस तपासणी घेतली, ज्यांचं बीपी जास्त आलं त्यांच्या हातात चिठ्ठी दिली की डॉक्टरांना दाखवा. सहा महिन्यांनी परत गेले तर बऱ्याच चिठ्ठ्या तशाच लॉकरमध्ये पडलेल्या. मला आधी राग आला, मग विचारल्यावर कळलं की दवाखाना उघडा असतो त्याच वेळेत यांची शिफ्ट असते आणि एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी जाते. चिठ्ठी देऊन मी माझं काम झालं असं समजत होते ही माझी चूक होती, आणि त्यांना मी उगाचच बेफिकीर ठरवलं याचं आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी एकच अट घालते, जास्त आकडा आलेल्या प्रत्येकाची डॉक्टरांकडची वेळ तिथल्या तिथे ठरली पाहिजे आणि त्या वेळेचा पगार कापायचा नाही. हे मान्य नसेल तर आम्ही मशीन घेऊन येत नाही.

अशा कार्यक्रमांचा खरंच उपयोग होतो का? काही म्हणतात पैसे वाया जातात.

प्रामाणिक उत्तर देते, कसा करता त्यावर आहे. अमेरिकेत घाऊक दुकानांच्या एका साखळीत जवळपास ३३ हजार कर्मचाऱ्यांवर मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. काही ठिकाणी वेलनेस प्रोग्राम दिला, काही ठिकाणी नाही, कुठे द्यायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. दीड वर्षाने प्रोग्राम मिळालेले लोक आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो असं सांगत होते, पण बीपी, कोलेस्टेरॉल, वजन मोजलं तर फरक नव्हता. खर्चातही नाही, गैरहजेरीतही नाही.

हे वाचून बरेच जण म्हणतात बघा, सोडून द्या. मी वेगळं समजते. नुसती माहिती देऊन आणि बक्षिसं लावून आकडे हलत नाहीत. दुसरीकडे २०१८ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या केशकर्तनालयांमध्ये एक प्रयोग झाला. ज्या गिऱ्हाइकांचं बीपी वाढलेलं होतं त्यांना न्हाव्याने फक्त समजावून सांगितलं तिथे वरचं बीपी सरासरी ९ ने उतरलं, आणि जिथे फार्मासिस्ट स्वतः दुकानात येऊन औषध सुरू करायचा, बदलायचा, परत मोजायचा तिथे २७ ने उतरलं. गिऱ्हाइकं तशीच, आजारही तोच. उपचार माणसाच्या रोजच्या जागेवर चालत आले एवढाच फरक, आणि कामाची जागा ही तर माणसाची सगळ्यात रोजची जागा.

तपासणीत काय काय असावं?

बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, वजन आणि कंबरेचा घेर, तंबाखू-सिगारेटची चौकशी, घरात कोणाला लहान वयात हृदयविकार झाला का ते विचारणं, आणि झोप किती मिळते तेही. २००४ मध्ये ५२ देशांमधल्या लोकांवर केलेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं की पहिल्या ॲटॅकचा बहुतेक सगळा धोका नऊ गोष्टींमध्ये येतो आणि त्यातल्या बऱ्याचशा बदलता येतात. त्यामुळे महागडी यादी लागत नाही. एकाच गोष्टीला वेळ आणि हात असतील तर बीपी घ्या.

बीपी मोजताना काय चुका होतात?

खूप. हा माझा सगळ्यात चिडायचा विषय आहे, कारण रांग लावून धडाधड मोजलेल्या बीपीला अर्थ नसतो. माणूस पायऱ्या चढून आला, लगेच पट्टा बांधला, तो शेजारच्याशी गप्पा मारतोय, पाय लटकतायत किंवा एकावर एक टाकलेत, पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच, आकडा चुकणारच. आधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, बोलायचं नाही, लघवीला लागली असेल तर आधी जाऊन या, अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा सिगारेट झालेली नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, मोठ्या दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा खोटाच वाढतो. एक-दोन मिनिटं थांबून परत मोजा. आणि एका दिवसाच्या आकड्यावरून कोणालाही तुम्हाला बीपी आहे असं जाहीर करून टाकू नका, वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याच्या वर येत राहिलं तर ते बीपी. काही देशांत त्याहून खालचा आकडाही धरतात. पण १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलताना अडखळतंय, तर मात्र थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

माझं बीपी जास्त आलं पण मला त्रास काहीच नाही, मग गोळी कशाला?

त्रास होत नाही हीच तर बीपीची अडचण आहे. जगात ३० ते ७९ वयातल्या जवळपास १२८ कोटी लोकांना बीपी होतं आणि त्यातल्या ४६ टक्क्यांना ते माहीतच नव्हतं असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ मधला अंदाज होता. डोकं दुखेल, चक्कर येईल मग बघू असं म्हणणाऱ्यांना बऱ्याचदा पहिलं लक्षण म्हणून थेट स्ट्रोकच येतो. गोळी एकदा लागली की आयुष्यभर, ही भीती मी रोज ऐकते. काहींना खरंच कायम घ्यावी लागते, काहींचं वजन आणि मीठ कमी करून, चालून, डोस कमीही होतो, पण ते डॉक्टर ठरवतील. आकडा नॉर्मल आला म्हणून स्वतःहून बंद करू नका, तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय. आणि गोळीने त्रास होत असेल तर सांगा, दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या आहेत.

ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे सुटलो ना?

नाही हो. साधा ईसीजी त्या क्षणी हृदय कसं चाललंय ते दाखवतो. रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असूनही बसलेल्या माणसाचा ईसीजी अगदी चांगला येऊ शकतो. म्हणून सरसकट सगळ्यांचे ईसीजी काढून कागद वाटणं मला पटत नाही, त्याने खोटी खात्री मिळते आणि छातीत दुखायला लागल्यावर माणूस म्हणतो माझा तर परवाच नॉर्मल आला होता.

माझा रिपोर्ट साहेबांना कळेल का? नोकरी जाईल का?

हाच तो हळू आवाजातला प्रश्न, आणि याचं उत्तर पक्कं नसेल तर बाकी काही करण्यात अर्थ नाही, लोक येणारच नाहीत किंवा सिगारेट ओढत नाही, औषध चालू नाही असं खोटं सांगतील.

नियम असा हवा की नावासकट रिपोर्ट फक्त त्या माणसाकडे आणि तपासणाऱ्या डॉक्टर-नर्सकडे. मॅनेजमेंटला फक्त एकत्रित आकडे, इतक्या जणांची तपासणी झाली, इतक्यांचं बीपी जास्त, बस. खातं लहान असेल तर खात्यानुसार आकडेही देऊ नका, सहा जणांच्या खात्यात एकाला शुगर आहे म्हटलं की दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं कोण ते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८५ चा १६१ क्रमांकाचा करार आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की कामाशी संबंधित आरोग्य तपासणीमुळे कामगाराची कमाई बुडता कामा नये, तपासणी मोफत आणि शक्यतो कामाच्या वेळेतच व्हावी. तुमच्या देशाने तो मान्य केलाय की नाही हा वेगळा मुद्दा, मॅनेजमेंटशी बोलताना आधार म्हणून उपयोगी पडतो.

काही कामं अशी आहेत, बस चालवणं, क्रेन चालवणं, उंचावर काम, जिथे माणूस अचानक बेशुद्ध पडला तर बाकीच्यांचाही जीव जाईल. तिथे काम करायला फिट आहे की नाही एवढं कंपनीला कळावं लागतं. पण ती फिटनेस तपासणी वेगळी, तिचे नियम वेगळे, आणि ते लोकांना आधीच सांगायचे. जनजागृतीच्या नावाखाली बोलावून फिटनेस ठरवणं हा विश्वासघात आहे. रिपोर्टबद्दलचे हे नियम मॅनेजमेंटकडून लेखी लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट, आणि ते पत्र तपासणीच्या दाराशीच लावा.

आमचे कायम कामगार सगळे येऊन गेले. कंत्राटी आणि नाइट शिफ्टवाले राहिले तर चालेल ना?

चालणार नाही. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच राहिले म्हणा ना. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये जे निष्कर्ष आले त्यात शिफ्टवाल्यांना ॲटॅकचा धोका साधारण २३ टक्के जास्त दिसला. रात्री शरीराची झोपायची वेळ असते, बीपी खाली यायची वेळ असते, तेव्हा हा माणूस जागा, काही ना काही खातोय, दिवसा झोप तुटक. आणि तपासणी ठेवायची सकाळी ११ वाजता! रात्रपाळी संपवून तो घरी जाऊन झोपलेला असतो.

म्हणून एक तरी फेरी रात्री २ वाजता ठेवा, मी जाते, माझ्यासारखे बरेच जातात, थोडी झोप मोडते इतकंच. सफाईवाले, सिक्युरिटीवाले, माल चढवणारे, कॅन्टीनमधली माणसं ही कंपनीच्या रोलवर नसतात पण छताखाली तुमच्याच असतात, त्यांची नावं यादीत घाला. कंत्राटदार म्हणेल माझी माणसं एवढा वेळ सोडता येत नाहीत, तेव्हा मुख्य कंपनीने कंत्राटातच ते कलम टाकायचं. चिठ्ठ्या, पोस्टर त्यांना वाचता येईल अशा भाषेत, आणि वाचता येत नसेल तर त्यांच्यातल्याच एखाद्याला शिकवून त्याच्या तोंडून.

टेन्शनमुळे ॲटॅक येतो हे खरं का?

एका दिवसाच्या टेन्शनपेक्षा कामाची रचना बघा. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की मागणी जास्त आणि स्वतःच्या हातात काहीच नाही अशी कामं सगळ्यात जास्त पिळतात. टार्गेट वरून, वेग मशीन ठरवणार, बाथरूमला जायलाही विचारायचं. पुढच्या अभ्यासांमध्ये अशा कामाचा हृदयविकाराशी संबंध दिसला, सिगारेट किंवा बीपीइतका मोठा नाही पण दिसला. त्यावर एक तासाचं श्वसनाचं सेशन ठेवून मॅनेजमेंट मोकळी होते तेव्हा मला फार वाईट वाटतं. रोस्टर दोन आठवडे आधी लावा, सलग रात्रपाळ्या कमी करा, ब्रेक कधी घ्यायचा ते टीमला ठरवू द्या, सुट्टीच्या दिवशी फोन नको.

मी दिवसभर माल उचलतो, मला वेगळा व्यायाम कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी नमस्कार करते, कारण दिवसभर वजन उचलून आलेल्या माणसाला चालायला जा म्हणायला मलाही जड जातं. पण २०२१ मध्ये कोपनहेगनमधल्या १ लाखाहून जास्त लोकांच्या अभ्यासात एक वेगळीच गोष्ट दिसली, मोकळ्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार कमी, आणि कामावर खूप शारीरिक कष्ट असणाऱ्यांना उलट जास्त. कारण असं सांगतात की उचलण्याच्या कामात बीपी आणि ठोके तासन् तास वर राहतात, विश्रांती मिळत नाही, वेग आपल्या हातात नसतो. लंडनच्या कंडक्टरचा जिना थोडा थोडा वेळ होता, मध्ये थांबणं होतं. त्यामुळे कष्टकऱ्याला आधी मधले ब्रेक आणि पुरेशी झोप द्या, वजन उचलायला ट्रॉली द्या, आणि मग ताकद उरली तर आवडेल ते, चालणं, सायकल, पोरांबरोबर खेळणं. खुर्चीवर बसणाऱ्यांना मात्र आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल हवीच, त्यांना यात सूट नाही.

केमिकल, धूर, उष्णता यांचा हृदयाशी काय संबंध?

आहे, आणि वेलनेसच्या कार्यक्रमात हे कोणी काढतच नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा घेतो, भट्टीजवळ, गॅरेजमध्ये, बंद जागेत इंजिन चालू असेल तिथे हृदयविकार असलेल्या माणसाला तो पटकन त्रास देतो. रंग काढायला वापरतात ते मिथिलीन क्लोराइड शरीरात गेल्यावर त्याचाच कार्बन मोनॉक्साइड बनतो. व्हिस्कोस रेयॉनच्या कारखान्यांत कार्बन डायसल्फाइडमुळे कामगारांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले अनेक अभ्यासांत दिसले. आणि डायनामाइट बनवणाऱ्यांचं तर बघा, नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्या रुंद करतं (ॲन्जायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, त्याच्या गोळीत तेच असतं), आठवडाभर त्याची सवय झालेल्या शरीराला सुट्टीत ते मिळालं नाही की रक्तवाहिन्या आवळायच्या, छातीत दुखायचं, रविवारी-सोमवारी काही जण गेलेसुद्धा. सतत मोठा आवाज आणि उष्णता यांचाही भार हृदयावर येतो. म्हणून सेफ्टी ऑफिसरला या टीममध्ये घ्या, हवा मोजायला लावा.

तंबाखूचं सांगून थकलो, कोणी सोडत नाही.

ओरडून सुटत नाही. सोडल्यावर एका वर्षात सिगारेटमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका साधारण अर्ध्यावर येतो, हे लोकांना सांगा, बऱ्याच जणांना वाटतं आता काय उपयोग, व्हायचं ते नुकसान झालंय. समुपदेशन आणि निकोटिनच्या गोळ्या-पॅचेस कंपनीने द्यावेत, आणि आवारात कोणालाच धूर नको, कारण दुसऱ्याच्या धुराने न ओढणाऱ्याचाही धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. साहेबांची केबिनही त्यात आली.

कामावर कोणाच्या छातीत दुखायला लागलं तर?

छातीत दाब, आवळल्यासारखं, जळजळ, दुखणं डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणं, घाम, दम, मळमळ. बायकांमध्ये, वयस्कांमध्ये आणि शुगर असणाऱ्यांमध्ये कधीकधी छातीत फारसं दुखतच नाही, नुसता विचित्र थकवा आणि दम. ॲसिडिटी असेल म्हणून शिफ्ट संपेपर्यंत काढू नका. काम थांबवा, बसवा, लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा, स्वतः गाडी चालवत पाठवू नका, एकटं सोडू नका. सुपरवायझरची परवानगी लागू नये हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. रक्तवाहिनी बंद असेल तर प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.

सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि एईडी (हृदयाला विजेचा शॉक देणारं मशीन) आम्हाला जमेल का, उगाच काहीतरी चुकलं तर?

माणूस कोसळलाय, हाक मारून उठत नाही, श्वास नीट चालत नाही, म्हणजे हृदय थांबलंय असं धरा. त्याची अवस्था याहून वाईट तुम्ही करू शकत नाही. ॲम्ब्युलन्सला फोन, एईडी आणायला दुसऱ्याला पळवा, आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, थांबायचं नाही. एईडी स्वतः बोलून सांगतो काय करायचं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही. मदत मिळाली नाही तर प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते.

अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सिक्युरिटी गार्डना हे शिकवलं होतं, २००० साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांचं हृदय शॉक देता येईल अशा प्रकारे थांबलं होतं आणि ज्यांना कोसळल्यापासून ३ मिनिटांच्या आत शॉक मिळाला त्यांच्यातले ७४ टक्के वाचून घरी गेले, त्यानंतर मिळाला त्यांच्यातले ४९ टक्के. ते गार्ड होते, डॉक्टर नव्हते. एईडी कुलपात ठेवू नका आणि रात्रपाळीतही शिकलेली माणसं असतील असं बघा.

ॲटॅक येऊन गेलेला माणूस परत कामावर येऊ शकतो का?

बहुतेक जण येतात. किती दिवसांनी ते हृदयाला किती इजा झाली आणि काम कसलं आहे त्यावर. कार्डियाक रिहॅब (हृदय सावरण्यासाठी देखरेखीखालचा व्यायाम आणि मार्गदर्शन) पूर्ण करू द्या, सुरुवातीला कमी तास, रात्रपाळी नको, हलकं काम, मग हळूहळू वाढवा. सहकाऱ्यांनी त्याला काचेचं भांडं समजू नये, आणि साहेबांनी तू आता घरीच बस असं सुचवू नये, काम गेलं की माणूस खचतो आणि औषधंही सोडतो.

यश मिळालं की नाही कसं मोजायचं?

किती जण आले, किती टोप्या-टीशर्ट वाटले ते नको. मी चार आकडे विचारते. जास्त बीपी आलेल्यांपैकी किती जण महिन्याभरात डॉक्टरांपर्यंत पोचले, सहा महिन्यांनी किती जणांचं बीपी आटोक्यात आहे, कंत्राटी आणि रात्रपाळीच्या लोकांमध्ये हेच आकडे किती, आणि कामात स्वतःत काय बदललं, तास, ब्रेक, हवा, काहीही. चौथ्याचं उत्तर बहुतेक वेळा शांतता असते, तेव्हा मी तिथेच बसून राहते.

आम्ही फक्त १२-१५ जण आहोत, एचआर नाही, डॉक्टर नाही. काय करू?

एक चांगलं दंडावर बांधायचं बीपीचं मशीन, दोन मापांचे पट्टे, भिंतीजवळ पाठ टेकायची खुर्ची आणि टेबल. दोघांना नीट मोजायला शिकवा. जवळच्या दवाखान्याशी बोला की आठवड्यातून एक दिवस शिफ्ट सुटल्यावर आमच्या लोकांना बघाल का, बरेच डॉक्टर हो म्हणतात, विचारलंच जात नाही. प्रत्येकाकडे स्वतःची वही, आकडे तिच्यात, वही त्याच्याच खिशात. ॲम्ब्युलन्सचा नंबर आणि तुमचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात फोनजवळ लावा, घाबरल्यावर माणसाला स्वतःच्या कामाच्या जागेचा पत्ताही आठवत नाही. सगळ्यांना एकदा सीपीआर, दरवर्षी परत. आणि पहिलं बीपी मालकाने मोजून घ्यावं, सगळ्यांसमोर, पाच मिनिटं गप्प बसून.